हसकेलभाऊजी, तुमची शांतता

भाऊजी,

सात दिवस जमिनीवर बसून झाले. काल सकाळी सुतक संपलं, सतरंज्या झटकल्या, माणसं आपापल्या गावाला गेली. ह्या सात दिवसांत जो जो आला त्यानं तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली, "फार शांत माणूस हो." शेजारच्या काकू म्हणाल्या, शाळेचे हेडमास्तर म्हणाले, दूधवाल्यानंसुद्धा म्हटलं. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, ह्या सगळ्यांना चार दिवस आमच्या घरात राहायला बोलवायला हवं होतं.

शांत माणूस म्हणे! शांततेच्या नावाखाली इतकं भांडलेला दुसरा माणूस मी बघितला नाही. तुम्ही असतात तर मला मध्येच अडवलं असतंत, "वहिनी, शब्द नीट वापरा." आता अडवायला तुम्ही नाही, तेव्हा मी सगळं बोलून घेणार आहे. इतकी वर्षं तुमचे निरोप इकडून तिकडे नेले. हा माझा स्वतःचा आहे.

मुंबईच्या शाळेतली ड्रॉइंग मास्तरची नोकरी संपवून तुम्ही रत्नागिरीला परत आलात तेव्हा मला बरं वाटलं होतं. खरंच. तुमची बायको जाऊन बराच काळ झाला होता, मूलबाळ नव्हतं. आमचा मुलगा रूबेन नुकताच इस्रायलला गेला होता आणि घर खायला उठत होतं. गावात आपल्या बेने इस्रायल यहुदी लोकांची घरं उरली होती ती बोटांवर मोजण्याइतकी. म्हटलं, ह्यांना भाऊ मिळेल, पानाला माणूस होईल. मागच्या खोलीला चुना काढून घेतला, खिडकीला पडदा शिवला.

तुम्ही ट्रंक ठेवलीत, चहा प्यायलात आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितलात.

सासऱ्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा लावलेली होती. बोटभर लांबीची पितळी डबी, आत वचनाची गुंडाळी. येता-जाता आपण तिला बोटं टेकवून ओठांना लावतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती सरळ उभी होती. तुम्ही ती तिरकी केलीत आणि हात झटकून आत येऊन बसलात. संध्याकाळी हे शिंप्याचं दुकान बंद करून घरी आले. एका हातात मासळीची पिशवी, दुसरा हात सवयीनं चौकटीकडे गेला आणि हवेतच थांबला.

"हे कोणी केलं?"

"मी," तुम्ही म्हणालात. "दादा, ती तिरकीच लावायची असते."

"बाबांनी सरळ लावली होती."

"बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. ऐक तरी. फार जुन्या काळी एक मोठा पंडित म्हणाला, सरळ लावा. त्याचाच नातू, तोही पंडित, तो म्हणाला, आडवी लावा. शेवटी लोकांनी तिरकी लावली. थोडं आजोबाचं, थोडं नातवाचं. दाराशी आलेल्याला आधीच कळतं, ह्या घरातली माणसं एकमेकांपुढे नमतं घेतात."

"मग घे नमतं," हे म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि डबी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिरकी. दुपारी सरळ. आठवडाभर हाच खेळ. तडजोडीची खूण म्हणून जी वस्तू दारावर लावायची, तिच्यापायी दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आठवडाभर नाही, वर्षानुवर्षं. चौकटीला इतकी भोकं पडली की स्क्रू धरेना. मग मीच सुताराला बोलावून लाकडाचा तुकडा बसवून घेतला आणि त्याला म्हटलं, तुला हवी तशी लाव बाबा. त्यानं कशीतरी लावली. त्यावर तुम्ही दोघंही एक अक्षर बोलला नाहीत, कारण बोलायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

आणि मी? मी ट्रंक कॉल जोडणारी बाई झाले. "वहिनी, दादाला सांगा, मीठ इकडे द्यायला." दादा समोर, मीठ त्याच्या हाताशी. "त्याला सांग, मीठ कमी खा, ब्लडप्रेशर आहे." मी एकदा चिडून म्हटलं, "मी आजपासून बहिरी." तेव्हा तुम्ही अळणीच जेवलात. दोघंही. इतकं कसं हो एकमेकांसारखं असावं माणसांनी?

ह्या सगळ्यात हेडमास्तर आले. शाळेच्या हॉलमध्ये शांततेवर प्रदर्शन भरवायचं होतं. प्रत्येक धर्माच्या माणसानं आपली एक भिंत आणि एक टेबल मांडायचं. पडवीत खुर्चीवर बसून ते म्हणाले, "सर, यहुदी म्हणजे आमच्याकडे तुम्हीच. मोठंसं एक कबूतर काढलंत, चोचीत फांदी, तरी चालेल."

"कबूतर काढणार नाही."

"अहो, पण शांतता म्हटलं की—"

"नोहाच्या कबूतरानं पाणी ओसरलं एवढंच सांगितलं," तुम्ही म्हणालात. "शांतता झाली असं ते कुठे म्हणालं?"

हेडमास्तरांनी चहा संपवला. मी आतून कपाळाला हात लावला, कारण मला कळलं की आता माझ्या घरातलं काही जागेवर राहणार नाही.

पहिल्यांदा गेला माझा दिवा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागताना जो मी नारळाचं तेल घालून पेटवते तो टांगता काचेचा दिवा. तुम्ही स्टुलावर चढून तो काढलात आणि मला समजावून सांगायला लागलात, की गरीब माणसाकडे एकाच दिव्यापुरतं तेल असेल आणि सणाचा दिवा लावू की घरातला असा प्रश्न पडला, तर घरातला लावायचा. कारण अंधारात माणसं एकमेकांना अडखळतात आणि भांडतात. सणापेक्षा घरातली शांतता मोठी.

"मग घरातला दिवा शाळेत कशाला नेताय?" मी विचारलं. तुम्हाला ऐकू गेलं नाही. तुम्हाला सोयीनं ऐकू जायचं नाही.

मग दगड. देवाच्या वेदीच्या दगडांना लोखंड लागता कामा नये, कारण लोखंडानं आयुष्य कमी होतं आणि वेदीनं वाढतं, म्हणून तुम्हाला टेबलावर बिनघडवलेल्या दगडांची छोटी वेदी हवी होती. रत्नागिरीत! जिथे घर, गडगा, विहीर, सगळं लोखंडानं कापलेल्या चिऱ्यांचं, तिथे तुम्ही लोखंड न लागलेला जांभा शोधायला निघालात. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर, ऐन उन्हात, आणि सोबतीला मी. मी एक दगड उचलून दाखवला की तुम्ही तो उलटापालटा करून म्हणायचात, "ह्याला पहारीचा वार आहे." दुसरा. "ही कुदळ." शेवटी मी फतकल मारून बसले आणि म्हटलं, "तुम्हाला भांडखोर दगड चालत नाहीत, मग माणसं कशी चालतात?" तुम्ही हसलात. टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवलीत आणि पुढे गेलात. ती टोपी मी अजून वापरते, कपडे वाळत घालताना.

सुरीचं मात्र मला विसरता येत नाही. जेवण झाल्यावर उपकाराची प्रार्थना म्हणताना टेबलावरची सुरी झाकायची किंवा उचलून न्यायची, हे मला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही माझी पावाची सुरी घेतलीत, पांढऱ्या कापडात गुंडाळलीत आणि म्हणालात, "जेवणाचं टेबल हीच आता आपली वेदी. त्याच्यावर हत्यार नको."

त्याच आठवड्यात इस्रायलहून आलेल्या एका ओळखीच्या बाईनं रूबेनचा फोटो आणून दिला होता. लष्कराच्या कपड्यातला. तिथे सगळ्याच मुलांना जावं लागतं. फोटोत तो हसतोय आणि खांद्याला बंदूक आहे. मी तुम्हाला विचारलं, "टेबलावरची सुरी झाकता येते, भाऊजी. ह्याच्या खांद्यावरचं मी कशानं झाकू?"

तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही! ज्यांच्याकडे मिठापासून मेझुझापर्यंत प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. फोटो बघितलात, टेबलावर पालथा ठेवलात, परत उचलून सुलटा ठेवलात आणि मागच्या खोलीत गेलात. पुढच्या शुक्रवारपासून मी दिवा लावताना तुम्ही येऊन माझ्यामागे उभे राहायला लागलात. आमेन म्हणायच्या आधी रूबेनचं नाव घ्यायचात. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू येईल असं. मला ते पुरेसं नव्हतं. अजूनही नाही. तो प्रश्न मी मागे घेतलेला नाही आणि उत्तर न देता तुम्ही गेलात, हे मी तुमच्या नावावर लिहून ठेवणार आहे.

आणि मग तो पडदा. भिंतीसाठी तुम्हाला मोठ्या पांढऱ्या कापडावर हिब्रू अक्षरांत एकच शब्द हवा होता, शालोम. तुम्ही पेन्सिलीनं अक्षरं काढलीत, मी निळ्या रेशमानं भरायला बसले. तिसरं अक्षर वाव. नुसती उभी काठी. ती तुम्ही मधोमध तोडली होती.

"इथे विसरलात," मी म्हटलं.

"विसरलो नाही. तोरा ग्रंथाच्या गुंडाळीत एका ठिकाणी हा शब्द असाच लिहितात. वाव तुटका. मुद्दाम."

"शांततेचा शब्द तुटका कोण टांगतो भिंतीवर?"

मग तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. एका माणसानं देवासाठी म्हणून भाला घेतला आणि दोघांचा जीव घेतला. आणि नंतर देवानं त्याच्याशी शांततेचा करार केला. तुम्ही म्हणालात, "भाल्यानंतर आलेली शांतता आहे ती, वहिनी. म्हणून तिचं अक्षर अख्खं नाही. लिहिणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते जोडलं नाही. कुणीतरी जोडून टाकेल ह्याचीच त्यांना भीती."

"आपल्या मराठीत वाव म्हणजे जागा," मी म्हटलं. "वावात वाव ठेवलाय तुम्ही." तुम्हाला ते इतकं आवडलं की दिवसभर तेच म्हणत होतात. तुम्ही हे सगळं मला सांगत होतात तेव्हा पुढच्या खोलीतलं ह्यांचं शिवणाचं मशीन थांबलं होतं. ते तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी जागा सोडून शब्द पुरा केला, कापड घडी घालून बाकड्यावर ठेवलं आणि बाजारात गेले. परत आले तर घरात तुमचा आवाज दुमदुमत होता.

"कुणी जोडला हा? कुणी जोडला?"

मी पाहिलं. वावमधली जागा भरली होती. माझ्या टाक्यांना लाजवतील असे बारीक, सफाईदार टाके, त्याच निळ्या रेशमाचे. असे टाके गावात एकाच हाताचे.

हे मशीनवरून उठून दारात आले. "मी जोडला. म्हटलं, तुझं काम अर्धवट दिसायला नको. चार लोक बघणार."

भाऊजी, कळत होतं का तुम्हाला काय झालं ते? मला मध्ये न घालता तुमचा भाऊ तुमच्याशी बोलला होता. तुमच्यासाठी त्यानं सुई हातात घेतली होती. मशीन थांबवून त्यानं ती गोष्ट अर्धीमुर्धी ऐकली होती, तुटकं अक्षर एवढं त्याला कळलं होतं आणि तुटलेलं दिसलं की शिवायचं एवढंच त्याला येतं. त्या क्षणी जगात दुसऱ्या कुणीही "बरं झालं, दादा" म्हटलं असतं. आणि तुम्ही काय म्हणालात?

"तू सगळं बिघडवलंस!"

हे आत गेले, बारीक कात्री आणली आणि तुमच्यासमोर ठेवली. "उसव मग," म्हणाले आणि चपला घालून दुकानात निघून गेले.

आणि तुम्ही उसवलंत! मी तिथेच उभी होते, मला वाटलं, आता तरी थांबतील. पण नाही. दुपारभर उसवत बसलात, टाका इतका बारीक होता. सुईची भोकं कापडात राहिलीच. काम झाल्यावर चष्मा काढून तुम्ही मला म्हणालात, "दादाचा हात अजून किती साफ आहे, वहिनी."

"त्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा ना."

त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नाही. आठवतंय? तुम्ही स्वतः वाढून घेतलंत आणि मीठसुद्धा स्वतःच घेतलंत.

प्रदर्शनाच्या दिवशी ह्यांनी दुकान बंद ठेवलं. मला म्हणाले, "दिवा परत आणायला तुला सोबत हवी, म्हणून येतोय." हॉलमध्ये गर्दी होती. बाकीच्या भिंतींवर कबुतरं, ह्या बाजूलाही कबुतरं, त्या बाजूलाही. आपल्या टेबलावर दगड, झाकलेली सुरी, माझा दिवा आणि वर तो पडदा. मुलं विचारत होती, "ह्याच्यात शांतता कुठाय?" आणि तुम्ही खूश होऊन प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत होतात.

तुम्ही दगडांपाशी गुंतलेले असताना देवरूखच्या कॉलेजातून आलेल्या एक प्राध्यापिका पडद्यापाशी वाकल्या. "अरेरे, इथे धागा निघालाय. भोकंसुद्धा दिसतात. घाईत केलेलं दिसतंय."

मी काही बोलणार तेवढ्यात हे पुढे झाले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. "घाईत नाही, बाई. मुद्दाम ठेवलंय. ते असंच असतं." आणि मग ती गोष्ट सांगायला लागले. कोण कुणाला मारतो, भाला कुणाचा, सगळा घोळ. पण सांगत राहिले. "तर देवानं त्याला बक्षीस म्हणून शांतता दिली. पण तुटकी दिली. हे माझ्या भावानं काढलंय. तो मुंबईला ड्रॉइंग मास्तर होता. त्याला ह्यातलं कळतं. कुणी जोडायला गेलं तरी तो जोडू देत नाही."

तुम्ही ऐकलंत. मी तुमच्याकडेच बघत होते. हातातला दगड खाली ठेवून गर्दीतून वाट काढत तुम्ही आलात, ह्यांच्या शेजारी उभे राहिलात. मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवतील.

"बक्षीस नाही, दादा," तुम्ही म्हणालात. "करार."

"तेच ते."

"तेच ते कसं? बक्षीस एकाला मिळतं. करार दोघांत होतो."

"मग त्या मेलेल्या दोघांशी कुणी केला करार?"

प्राध्यापिकाबाई मागे सरकल्या. मुलं जमली. शांततेच्या भिंतीखाली माझा नवरा आणि माझा दीर हातवारे करून भांडत होते, एकमेकांकडे तोंड करून, एकमेकांना नावानं हाका मारून, मला अजिबात न विचारता. हेडमास्तर धावत आले, मला म्हणाले, "वहिनी, जरा ह्यांना थांबवा." मी म्हटलं, "मी मध्ये पडत नाही आता."

घरी परतताना वाटेत एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात तुम्ही चहा प्यायलात तेही भांडतच. मी दिवा पदरात धरून मागे राहिले. दोघांच्या पाठी पुढे चाललेल्या दिसत होत्या, एकच ठेवण, एकच चाल. मी मुद्दाम हळू चालले.

त्यानंतर घरात कधी शांतता नव्हती, भाऊजी, आणि ते दिवस मला सगळ्यांत आवडले. सकाळी दाढी करताना एक मुद्दा, मासे साफ करताना दुसरा. जायचं की राहायचं, तिकडे रूबेनजवळ जावं की इथेच मरावं. तुम्ही म्हणायचात, इथेच. हे म्हणायचे, जाऊ या. मग आठवड्यानं बाजू बदलायच्या. मला वाटत होतं, ह्या भांडणाला भरपूर वेळ आहे. तुम्हीही तसंच वागत होतात. छातीत दुखतंय हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, कारण म्हणे घरात काळजी नको. घरातली शांतता! त्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला सोडणार नाही. दादाशी मेझुझावरून अबोला धरता आला, आणि दुखतंय एवढं सांगता आलं नाही?

हे आता फार बोलत नाहीत. आज सकाळी दुकान उघडून बसले. कुणाच्या तरी ब्लाउजाची बाही उलटी लावली.

काल शेवटच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमतात की नाही हीच चिंता होती. दोघं मुंबईहून आले, तिघं अलिबागकडून, बाकी इथलेच, एकाला तर आजारातून उठवून आणलं. पश्चिमेला तोंड करून सगळे उभे राहिले. गेलेल्या माणसासाठीचं कद्दीश ह्यांनीच म्हणायचं होतं. नीट म्हणाले, कुठे अडले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. शेवटची ओळ तुम्हाला माहीतच आहे. जो वर आकाशात शांतता करतो, तो आपल्यातही करो. ती म्हणताना मागे सरायचं असतं. तुम्हीच एकदा मला सांगितलं होतं, शांतता करायची तर आधी मागे व्हावं लागतं, समोरच्याला जागा द्यावी लागते.

ओळ झाली. हे जागचे हलले नाहीत.

मुंबईचे एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "शमवेलभाई, मागे सरा."

"थांबा जरा," हे म्हणाले. "माझं त्याच्याशी बोलणं संपलेलं नाही."

सगळे तसेच उभे राहिले. ह्यांचे ओठ हलत होते, मधूनमधून मान नकारार्थी हलत होती, एकदा तर हातही वर झाला. तुम्ही काहीतरी चुकीचं म्हणत असणार. आजारातून उठवून आणलेले गृहस्थ भिंतीला टेकले. कपातला चहा गार होत चालला होता.

मी सगळे कप परत पातेल्यात ओतले आणि नवं आधण ठेवलं.